उमेदवारी अर्ज आणि आपली कविता

दोस्तहो, सरळच विचारतो. आपल्या कवितेत संसद आहे, संविधान आहे, लाल किल्ला आहे, आफ्रिका आहे, अमेरिकेतले काळे भाऊ आहेत. ग्रामपंचायत कुठं आहे?

रात्रपाळी संपवून आलो आणि जवळची सगळी पुस्तकं, जुने अंक, झेरॉक्सचे गठ्ठे खाली काढून बसलो. मतपेटी सापडली, पण बहुतेक ठिकाणी शिवी म्हणून. सरपंच सापडला, तो पाटलाचा भाऊ नाहीतर पाटलाचा गडी. मात्र आपलाच माणूस, आपलीच बाई तहसीलीत फॉर्म घेऊन रांगेत उभी आहे, अंगठ्याला शाई लागली आहे, खिशात अनामतीचे शंभर रुपये मोजून ठेवले आहेत, अशी एक कविता सापडली नाही. कुणाकडं असेल त्यानं अंकाकडं पाठवावी. मी कान पकडीन.

हे असं का झालं, तेवढंच इथं मांडायचं आहे. मी प्राध्यापक नाही. कागदाच्या मिलमध्ये काम करतो, पाळीच्या मधल्या वेळात वाचतो. टीकाकारांची भाषा मला येत नाही आणि ती आली पाहिजे असंही वाटत नाही.

पहिलं कारण आपल्याच घरातलं आहे. आपला वारसा बहिष्काराचा. १९७४ च्या जानेवारीत मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक लागली तेव्हा पँथरनं बहिष्कार पुकारला. वरळीत दगड पडले, मोर्च्यात भागवत जाधव मारला गेला. त्या रक्तातून आपली अर्धी कविता आली आहे. तिच्यासमोर मी टोपी काढतो. पण तो बहिष्कार मुंबईत होता, चाळीत होता, तिथं माणसं शेकड्यांनी एकाजागी होती. आमच्या मूल तालुक्यातल्या गावात बौद्धांची चाळीस घरं. चाळीस घरांनी मतदानावर बहिष्कार टाकला तर बाकीचे म्हणतात, बरं झालं, ब्याद गेली. मुंबईचा विद्रोह जसाच्या तसा झाडीत आणून लावला, आणि तो इथं रुजला का हे पाहिलं कुणी नाही.

बाबासाहेबांचंही आपण अर्धंच वाचलं. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी खेड्याची आरती ओवाळणाऱ्यांना जे सुनावलं ते आपल्याला पाठ आहे. प्रत्येक जयंतीला कुणीतरी ते म्हणतंच. त्यातून आपण एक अर्थ काढला: गाव वाईट, गाव सोडा. बरोबर. ज्याला सोडता आलं त्यानं सोडलं. पण त्याच बाबासाहेबांचं ६ ऑक्टोबर १९३२ चं मुंबई कौन्सिलातलं भाषण किती जणांनी वाचलं? विषय होता ग्रामपंचायत बिल. तारीख पाहा. पुणे करार २४ सप्टेंबरचा. मध्ये फक्त बारा दिवस. ज्या माणसाच्या हातून स्वतंत्र मतदारसंघ नुकताच काढून घेतला गेला, तो माणूस कौन्सिलात उभा राहून गावच्या पंचायतीबद्दल बोलतो आहे. सगळ्यांना मत दिलं म्हणून अस्पृश्यांचं भागत नाही, पंचायतीत त्यांची स्वतःची जागा पाहिजे, आणि जातीत बुडालेल्या गावाच्या पंचांच्या हाती न्याय देऊ नका, असा त्या भाषणाचा रोख आहे. पंचायतीला नाक मुरडून ते बाजूला झाले नाहीत. कुणाच्या मतानं कोण बसणार, एवढा एकच सवाल धरून ठेवला.

तो सवाल आपल्या साहित्यानं सोडून दिला.

दुसरं कारण मराठी ग्रामीण साहित्याचं, आणि त्याहून जास्त सिनेमाचं. 'एक गाव बारा भानगडी' १९६८ चा, 'सामना' १९७५ चा. निळूभाऊंनी असा काही पुढारी उभा केला की महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराच्या डोक्यात सरपंच म्हटलं की तोच चेहरा येतो. (निळूभाऊ माणूस म्हणून सेवा दलातले, चळवळीला मदत करणारे. नटाचा दोष नाही.) दोष या मांडणीचा की सगळा उजेड खलनायकावर. तो बोलतो, हसतो, टाळ्या घेतो. त्याच्या विरुद्ध उभा राहणारा एकतर दारुडा मास्तर, नाहीतर मरायला आलेला भोळा. 'बिनविरोध', 'पॅनल', 'वॉर्ड' या शब्दांच्या आत काय चाललेलं असतं, ते पडद्यावर येत नाही.

आमच्याकडं सिनेमापेक्षा नाटक मोठं. दिवाळी झाली, धान निघालं की मंडई, शंकरपट आणि रात्रभर नाटक. वडसा ही त्या नाटक कंपन्यांची पेठ. मी लहानपणापासून थंडीत घोंगडी घेऊन ही नाटकं पाहत आलो. प्राध्यापक लोक झाडीपट्टीच्या नाटकाला नाकं मुरडतात, मी नाही. पहाटे चारपर्यंत हजार माणूस जागं ठेवणं सोपं नाही. पण तिथं पाहिलेलं एक नाटक डोक्यातून जात नाही. गावातला आपल्या समाजाचा शिकलेला पोरगा ग्रामपंचायतीला उभा राहतो. पहिल्या अंकात भाषण करतो, दुसऱ्यात त्याच्या बहिणीवर संकट येतं, तिसऱ्यात तो मरतो. मरताना संविधानाचं नाव घेतो. सगळा मंडप रडला. पाटलाच्या घरच्या बायापण पदरानं डोळे पुसत होत्या.

मेलेल्या दलित उमेदवारावर रडायला कुणालाच जड जात नाही. तो जिवंत राहिला असता, हरला असता, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाटलाच्या राईस मिलवर धान कांडायला गेला असता, तर मंडपानं काय केलं असतं? ते नाटक कुणी लिहीत नाही. आपणही खैरलांजीवर लिहिलं, लिहायलाच पाहिजे होतं, २००६ च्या त्या सप्टेंबरनंतर जो गप्प राहिला तो लेखकच नाही. पण मारला जाणं आणि गाव सोडून जाणं या दोन्हींच्या मध्ये फार मोठी जागा आहे. तिथं आपली बहुतेक माणसं जगतात.

त्या नाटकात रात्री पुढं बसलेल्या चारदोन मोठ्या माणसांनी डिसेंबर २०२० मध्ये आमच्या विहारासमोर गाडी उभी केली. म्हणाले, यंदा बिनविरोध करू, गावाला निधी भेटते, भांडण कायले पाहिजे. 'बिनविरोध' हा शब्द ऐकायला किती गोड आहे! पेपरात त्याला एकोपा म्हणतात. त्याच हंगामात नाशिकच्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी या गावांत पदांचा जाहीर लिलाव झाला. राज्य निवडणूक आयोगाला जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही गावच्या निवडणुका रद्द कराव्या लागल्या. पैसा देवळासाठी, म्हणे. लिलावात बोली कोण बोलणार? ज्याच्याकडं आहे तो. चाळीस घरांनी बोली लावायची म्हटली तर काय लावतील, पोरांचे दाखले? तरी आमच्या गावातले लोक लिलाव करणारे नव्हते, हे त्यांचं सांगितलं पाहिजे. ते फक्त म्हणत होते, तुमची राखीव जागा आहे ना, माणूस आम्ही सुचवतो.

आम्ही म्हटलं, माणूस आमचा आम्ही देऊ.

वस्तीतला सगळ्यात हुशार कार्यकर्ता उभा राहणार होता. राहिला नाही. त्याच्या बापाची जंगलालगत दोन एकर जबरानजोत आहे. आम्हाला ऐकवण्यात आलं की निवडून आला तरी कलेक्टरकडं अर्ज पडेल. सरकारी जागेवर अतिक्रमण असलं की सदस्यपद जातं, असं ग्रामपंचायत कायदा सांगतो, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलं की अतिक्रमण घरातल्याचं असलं, उमेदवार त्यात राहत असला, तरी तेच. आता हे नीट वाचा. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला, हजारोंनी तुरुंग भरले, मागणी काय तर पडीक, गायरान जमीन कसणाऱ्याला द्या. ज्यांना मिळाली त्यांची मिळाली. ज्यांना पट्टा मिळाला नाही ते कसत राहिले, आणि त्यांचा नातू आज निवडणुकीत अतिक्रमणदार. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा वाटलं सुटलो. आदिवासीला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवला की पुरे, बाकीच्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा पुरावा. ज्या आज्याला गावात बसायला जागा नव्हती त्याचा कागद कोण ठेवणार होतं? भूमिहीनांच्या सत्याग्रहावर आपल्याकडं गाणी आहेत. या नातवावर काही नाही.

मग आमच्या वयनीला उभी केली. तशीही जागा अनुसूचित जाती स्त्रीची होती. २०११ पासून निम्म्या जागा बायांच्या आहेत, आणि आपल्या वस्तीत हे निवडणूक लागल्यावरच आठवते.

आता मी फॉर्मबद्दल बोलणार आहे, कंटाळू नका. हा फॉर्म म्हणजे मला अलीकडं वाचलेल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त दलित साहित्य वाटला. संडास आहे आणि वापरतो, याचा दाखला. घरपट्टी थकलेली नाही, याचा दाखला. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल नाही, याचं लिहून देणं. फॉर्म ऑनलाइन भरायचा होता, तालुक्याच्या सगळ्या कॅफेवर जत्रा, सर्व्हर पडलेला. शेवटी ३० डिसेंबरला कागदावर घ्यायची परवानगी आली. आणि जात. जातीचा दाखला, त्यावर पडताळणी, पडताळणी नसेल तर समितीकडं अर्ज केल्याची पोच. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा पाहिजे.

वयनीच्या माहेरच्या आज्यानं १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्याला बाबासाहेबांच्या समोर दीक्षा घेतली. तिच्या घरी ही गोष्ट देवघर नसलेल्या घरात देवासारखी सांगतात. आज्यानं त्या दिवशी जात टाकली. २०२० मध्ये नातीला उमेदवार व्हायचं तर तीच टाकलेली जात शोधून आणायची. १९९० साली कायदा बदलून केंद्रानं बौद्धांनाही अनुसूचित जातीत घेतलं, चांगलं झालं, पण कागद मागतो तो जुनंच नाव. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आज्याचं नाव नाही, कारण आजा शाळेत गेला नाही. शेवटी कोतवाल बुकाची नक्कल काढली. जन्माची नोंद, बापाचं नाव, पुढं जात. कोतवालकी आमच्याकडं बहुतेक महाराकडंच असायची. म्हणजे गावाच्या जन्ममरणाची खबर ठेवणाराही आपलाच, आणि त्या बुकात त्यानं दिलेली आपलीच जात आज आपल्याला बौद्ध असून निवडणूक लढवू देते. वयनीनं ती नक्कल दोन्ही हातांनी धरली होती. मी विचारलं, काय वाटते? ती म्हणाली, "काय वाटाचं, लॅमिनेशन करू का नको ते सांग."

यात कविता नाही म्हणणाऱ्यानं कवितेचा धंदा सोडावा.

निशाणीचंही सांगतो. ग्रामपंचायतीला पक्षाची निशाणी नसते, आयोगाच्या यादीतली घ्यावी लागते. आमच्या म्हाताऱ्यांना हत्ती पाहिजे होता, फेडरेशनच्या वेळचा. भेटली कपबशी. सगळे हसले. आमच्याच चौकातल्या हॉटेलात आमच्या बापांना बाहेर खोचून ठेवलेल्या वेगळ्या कपात चहा मिळायचा, आपला आपण धुऊन ठेवायचा. आता भिंतीभिंतीवर कपबशी काढत आम्ही फिरलो, त्या हॉटेलाच्या भिंतीवरही.

आणि हरलो. एकवीस मतांनी.

इथं परत बाबासाहेबांचा १९३२ चा सवाल. आमच्या वॉर्डात तीन जागा, त्यातली एक राखीव, मत सगळ्या वॉर्डानं तिन्ही जागांना द्यायचं. वस्तीची मतं वॉर्डात कमी, बाकीच्यांची जास्त. समोरच्या पॅनलनं वयनीच्या विरुद्ध उभी केली ती आमच्याच वस्तीतली काकू. वस्तीतली बहुतेक मतं वयनीला पडली, बाहेरची बहुतेक काकूला. काकू निवडून आली. आमची राखीव जागा आमच्याच बाईकडं गेली, कायद्यात कुठं खोट नाही. जागा आपली, निवड त्यांची. शेजारच्या भंडाऱ्यात १९५४ च्या पोटनिवडणुकीत हेच झालं होतं. राखीव जागेवर उभे बाबासाहेब स्वतः, आणि निवडून आले काँग्रेसचे भाऊराव बोरकर, तेही आपल्याच समाजाचे. जिथं बाबासाहेब हरले तिथं वयनीचं काय.

हे गणित मला त्या रात्री दिसलं नाही. त्या रात्री गुलाल उडत होता आणि मी कविता लिहीत होतो. एकोणीस ओळींची. तिच्यात काकूला दलाल म्हटलं, हरिजन म्हटलं, मालकाच्या ताटातलं उष्टं म्हटलं. ७ फेब्रुवारीला रमाई जयंतीला विहारात वाचली. टाळ्या पडल्या. काकू पहिल्या रांगेत बसली होती. उठली, बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडले आणि निघून गेली.

आता त्या कवितेची टीका करतो, कारण दुसऱ्याच्या कवितेची करण्यापेक्षा ते बरं. कविता वेगवान होती, शब्द जळते होते, अंकात छापली असती तर तुम्हीही वा म्हटलं असतं. आणि ती खोटी होती. मतांच्या रचनेनं जे केलं त्याचं पाप तिनं एका विधवा बाईच्या डोक्यावर घातलं. काकूची रोजी त्याच पॅनलवाल्याच्या शेतात रोवण्याची. ते म्हणाले उभी राह, ती राहिली. 'दलाल' हा शब्द आपल्या कवितेत मोठ्या विकल्या गेलेल्या पुढाऱ्यांसाठी आला होता, तो तिथं खरा होता. मी तो उचलला आणि रोवण्याच्या मजुरीवर मारला. आपल्या शिव्या वरून खाली यायला लागल्या की समजायचं, विद्रोह सवयीचा झाला. पाटलावर मात्र त्या एकोणीस ओळींत एकच ओळ होती, आणि त्या ओळीत तो निळूभाऊसारखा हसत होता.

पुढल्या वर्षी आत्याकडं गेलो, धानोरा तालुक्यात. गडचिरोली १९८२ पर्यंत आमच्याच चांदा जिल्ह्यात होतं, पण तिथं गणित वेगळं. अनुसूचित क्षेत्र आहे, १९९६ च्या पेसा कायद्यानं सरपंचपद आदिवासीलाच. आतेभाऊ जिल्हा ठिकाणी शिकलेला, निळा रुमाल गळ्यात, चिडलेला. म्हणाला, "आपल्याले इथं सरपंचकी जन्मात नाही." मी हो म्हणणार होतो. मग वाटलं, हे वाक्य कुठंतरी ऐकलं आहे. आमच्या गावचे पॅनलवाले राखीव जागेबद्दल हेच बोलतात, फक्त 'आपल्याले' म्हणजे वेगळे लोक. गोंड, माडिया माणसाची पिढ्यान्‌पिढ्या जी लूट झाली ती आपण डोळ्यांनी पाहिली. त्याच्या खुर्चीकडं आपण जळून पाहायचं? पण आतेभावाचा रागही खोटा नाही, त्याच्या बापाची जबरानजोत पंचाहत्तर वर्षांत अडकलेली आहे. या दोन खऱ्या गोष्टी एका कवितेत घेणारा कवी आपल्यात कोण आहे? भुजंग मेश्राम, विनायक तुमराम यांना आपण आदिवासी कवी म्हणून वेगळ्या खणात ठेवलं आणि खण लावून घेतला.

आत्याच्या गावाहून मेंढा जवळ आहे, लेख्याचं मेंढा. साधारण पाचशे वस्तीचं गोंड गाव. तिथं बहुमतानं नाही, सगळ्यांच्या सहमतीनं ठरवतात, बसून बसून ठरवतात. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा. २००९ मध्ये त्यांना १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना स्वतः द्यायचा अधिकार मिळाला. ज्या बांबूचे तुकडे मी पाळीत पाहतो, तो बांबू आता कुणाचा आहे हे मी तिथं शिकलो. भारावलो, खोटं कशाला बोलू. पण परत येताना एक शंकाही आली. मेंढ्यात जात जवळपास एकच. सहमती तिथं शोभते. आमच्या गावात सहमती म्हटलं की विहारासमोर गाडी उभी राहते. मेंढ्यावर लिहिणारे शहरातले लोक हा फरक लिहीत नाहीत.

रमाई जयंतीनंतर आठवड्याभरानं काकू वयनीकडं आली होती, ते राहिलं. निकालापासून तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. जिंकलेल्यानं पण, हरलेल्यानं पण. नाही दिला तर अपात्र ठरवतात, पाच वर्षांपर्यंत. पॅनलवाले गुलाल उडवून मोकळे झाले, हिशेबाचं कुणी नाव काढेना. काकूनं पदराच्या गाठीतून चिठ्ठ्या काढल्या. वयनीनं माझ्याकडं पाहिलं आणि आत चहा ठेवायला गेली.

मी लिहायला बसलो. ऑटो, बॅनर, झेरॉक्स, चहा. काकू सांगत होती, मी आकडे मांडत होतो. मध्येच म्हणाली, "कविता मोठी होती गा बापू. मले सगळी नाही समजली." मी काही बोललो नाही. गुलालाचे किती लिहू विचारलं. "तो माह्या नव्हता, त्याईचा होता. नको लिहू."

दोघींचे हिशेब एकाच दिवशी तहसीलीत दिले. पोच वयनीनं प्लास्टिकच्या पिशवीत घातली, कोतवाल बुकाच्या नकलेसोबत.